असोद्याच्या रस्त्यावरचा नेपच्यून

बैलगाडीचं जुनं चाक शाळेच्या फाटकाशी टेकवून ठेवलं, तेव्हा कोणी काही विचारलं नाही. गावात चाकं कुठंही टेकवलेली असतात. त्यावर खडूने ‘सूर्य’ असं लिहिलं, तेव्हा मुख्याध्यापक लीलाधर चौधरी यांनी चष्मा वर करून तेवढं वाचलं आणि पावसात खडू टिकणार नाही, एवढंच म्हणाले. म्हणून आधार बैसाणे सरांनी ते नाव चुन्याने पुन्हा लिहिलं.

एकोणनव्वद सालचा ऑगस्ट होता. बैसाणे सर असोद्याच्या शाळेत नववीला भूगोल शिकवत. मूळचे धुळ्याचे. बायको-मुलं तिकडेच, आणि हे इथं धुरपदाबाईंच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत. दर शनिवारी एसटीने घरी जायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचे. गावात सगळ्यांशी नीट बोलत, पण तीन वाक्यांच्या वर बोलणं गेलं की त्यांना आपण जास्त बोललो असं वाटू लागे.

एका विषयाने मात्र त्यांचं मन फार भरून यायचं. बारा वर्षांपूर्वी अमेरिकेतून व्हॉयेजर नावाचं एक यान निघालं होतं. ते गुरूजवळून गेलं, शनीजवळून गेलं, युरेनसजवळून गेलं, आणि आता पंचवीस तारखेला, शुक्रवारी, नेपच्यूनजवळून जाणार होतं. सरांनी प्रत्येक वेळची कात्रणं एका वहीत चिकटवली होती. यान निघालं तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं. आता थोरली मुलगी पाचवीत होती. एवढा काळ एक वस्तू न थांबता चालते आहे, याचं त्यांना अजूनही नवल वाटे.

फळ्यावर त्यांनी नेपच्यूनचं अंतर लिहिलं: चारशे पन्नास कोटी किलोमीटर. मुलांनी शून्यं मोजून वहीत उतरवून घेतली. ते कोणाच्या डोक्यात शिरलं नाही हे सरांना दिसत होतं. खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्याही शिरलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी बसून त्यांनी हिशेब मांडला. दहा लाख किलोमीटरचा एक मीटर धरायचा. मग सूर्य गाडीच्या चाकाएवढा होतो. पृथ्वी म्हणजे दीडशे मीटरवर ठेवलेली गोटी. गुरू आणि शनी म्हणजे दोन मोठे नारळ, एक पाऊण किलोमीटरच्या थोडा पुढे, दुसरा जवळजवळ दीड किलोमीटरवर. युरेनस आणि नेपच्यून ही दोन लिंबं. युरेनस दोन किलोमीटर नऊशे मीटरवर, आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, म्हणजे जळगावच्या रस्त्याने जवळजवळ शहराच्या तोंडाशी. शुक्रवारी सकाळी मुलांना या रस्त्याने चाकापासून लिंबापर्यंत चालत न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, मात्र गाड्यांपासून सांभाळा म्हणाले.

आधी त्यांनी मातीचे गोळे करून पाहिले होते, ते पहिल्याच सरीत विरघळले. म्हणून नारळ आणि लिंबं. धुरपदाबाईंच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. गावात तेवढं एकच. त्यांच्याकडून दोन कडक लिंबं मागून घेतली. त्या रविवारी ते धुळ्याला गेले नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आऱ्याला चिंधी बांधली, आणि सायकल हातात धरून, चाकाचे फेरे मोजत निघाले. शंभर फेरे झाले की उजव्या खिशातला एक खडा डाव्या खिशात टाकायचा. शनीच्या नारळाला पुठ्ठ्याची चकती बसवली आणि ती शाळेतल्या लाल शाईने रंगवली. लिंबं गडगडू नयेत म्हणून ती खिळ्याने खुंटीवर ठोकली. प्रत्येक ठिकाणी जमिनीवर चुन्याचं गोल रिंगण आखलं. नाव आणि अंतर लिहिलेला कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि दगडाखाली ठेवला, म्हणजे पावसाने भिजायला नको.

हे सगळं त्यांनी भर दिवसा, अगदी सरळ मनाने केलं. त्यांचे वडील तोताराम बैसाणे धुळ्याला गिरणीत कामाला होते. छप्पन साली दीक्षा घेतली त्याच आठवड्यात त्यांनी घरातले गंडेदोरे बाहेर काढले, आणि उतारा, करणी, नजर हे शब्दसुद्धा या घरात नकोत असं बायकोला बजावलं. आधार त्या घरात वाढले. त्यांच्या लेखी लिंबाचं सरबत व्हायचं, नाहीतर लोणचं. रस्त्यावर चुन्याच्या रिंगणात खिळा ठोकलेलं लिंबू पाहून शेजारच्या माणसाच्या पोटात काय होतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

सोमवारी शाळेतून सुटल्यावर ते सायकलवरून पाहून आले. सगळं जागच्या जागी होतं. नारळसुद्धा कोणी उचलला नव्हता. सायकलवाले, पायी जाणारे, सगळे रिंगणाला हातभर वळसा घालून जात होते. गावातली माणसं फार समजूतदार आहेत, असं सरांना वाटलं आणि बरं वाटलं.

मंगळवारी जीवराम नारखेडे यांच्या केळीची कापणी होती. जीवराम म्हणजे धुरपदाबाईंचे धाकटे दीर. शेत जळगावच्या रस्त्यालाच लागून, आणि नेपच्यूनचं लिंबू नेमकं त्यांच्या बांधावर, शेतात शिरायच्या वाटेशी आलं होतं. सकाळी ट्रक येऊन उभा राहिला. भिकन मुकादम बारा माणसं घेऊन आला, लिंबू पाहिलं आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसला. बाकीचेही जाऊन बसले. जीवरामांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. भिकन म्हणाला की खिळा आहे, रिंगण आहे, खाली चिठ्ठी आहे, मागं दुसरं लिंबू आहे आणि त्याच्या मागं लाल कड्याचा नारळ आहे. एवढी तयारी कोणी उगाच करत नाही. तुम्हीच आधी ओलांडा, आम्ही मागून येतो. जीवराम ओलांडायला गेले आणि त्यांचंही पाऊल उचललं नाही. घड झाडावरच राहिले. ट्रक दुपारी रिकामा गेला.

मग नाव निघायला वेळ लागला नाही. लिंबं धुरपदाबाईंच्या झाडाची होती, हे गावातल्या कोणीही सालीवरून सांगितलं असतं. आणि दोन्ही घरांची विहीर सामाईक. पंधरा दिवसांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं होतं, तेव्हा धुरपदाबाई दहा जणांदेखत बोलून गेल्या होत्या की ही केळी तुला लाभायची नाही.

संध्याकाळी जीवराम अंगणात आले. मागे चार-पाच माणसं होती. बैसाणे सर खोलीत वह्या तपासत होते.

“वहिनी, माह्या बांधावरचं लिंबू तुमच्या झाडाचं हाये का नाही, तेवढंच सांगा.”

“माह्याच झाडाचं असंल.”

“मग?”

“मग काय? झाडाले लिंबं लागतात.”

जीवराम म्हणाले की चोपड्याकडच्या भगताला आणायला माणूस पाठवला आहे. उद्या दुपारी तो बांधावर बसेल आणि सगळ्या गावासमोर नाव घेईल. मग पुन्हा माझ्याकडे दीर म्हणून पाहू नका. धुरपदाबाई भांडी घासत होत्या, घासत राहिल्या.

सरांनी सगळं ऐकलं. पहिल्या वाक्यालाच त्यांच्या हातातला पेन थांबला होता. ते उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला. कडी काढली नाही. माणसं निघून गेल्यावर, अंगण रिकामं झाल्यावर ती काढली, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

“अक्का, ते लिंबू...” त्यांनी सुरुवात केली.

“मले माहीत हाये, सर. रविवारी दोन लिंबं मागितली तुम्ही. अन् कडक द्या म्हणे. लोणचं घालणारा दोन लिंबं मागत नाही.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

धुरपदाबाईंनी पातेलं पालथं घातलं. “मी इथलीच हाये. मले चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी उसनं दही मागायले येतील. तुमचं तसं नाही. तुम्ही बाहेरगावचे, अन् पुन्हा...” त्या थांबल्या. पुढचं सरांना कळलं. शाळेतही ते वाक्य असंच अर्ध्यावर थांबत आलं होतं.

“कशासाठी ठेवलं, तेवढं मात्र सांगा.”

सरांनी सांगितलं. तीन वाक्यांत संपवायचं म्हणून सुरुवात केली, पण चाक आलं, नारळ आले, बारा वर्षं आली, आणि दिवा लावायची वेळ झाली. धुरपदाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“अन् ते परत कधी येतं?”

“परत येत नाही. तसंच पुढं जात राहतं.”

“मग निघतानाच कोणी अडवलं कसं नाही त्याले?” त्या म्हणाल्या, आणि दिवा घेऊन आत गेल्या.

सरांना झोप लागली नाही. कबूल केलं तर गाव काय म्हणेल, याची त्यांनी एकेक तऱ्हा करून पाहिली. बाहेरगावच्या मास्तराने करणी केली. बाहेरगावच्या मास्तराने आमची थट्टा केली. आपण चिठ्ठी लिहून मुख्याध्यापकांना द्यावी का, तेही सुचलं. पण मुख्याध्यापक ती आठवड्याने वाचतील आणि भगत उद्या येणार होता. शेवटी ठरलं असं काही नाही. सकाळी ते उठले आणि सायकल काढली, एवढंच.

बांधाशी जीवराम होते, भिकन होता, त्याची माणसं होती, आणि पलीकडच्या शेतात निंदणीला आलेल्या बायकाही खुरपी घेऊन उभ्या होत्या. सरांनी सायकल स्टँडवर लावली. तोंडातून वर्गातलं मराठी यायच्या आधी घरची बोली आली.

“ते मी ठेवेल शे.”

कोणाला काही समजलं नाही. भिकन म्हणाला, “काय म्हणता, सर?”

“ते लिंबू मी ठेवलं आहे. धुरपदाअक्कांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी त्यांच्याकडून मागून आणलं.”

जीवराम त्यांच्याकडे पाहतच राहिले. “म्या तुमचं काय घोडं मारलं, सर?”

“काही नाही. तो नेपच्यून आहे.”

बायकांतली एक खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. सर पुढे झाले, रिंगणात वाकले, दगडाखालची पिशवी काढली आणि आतला कागद उलगडून जीवरामांपुढे धरला. जीवरामांनी हात पाठीमागे नेले. पण डोळे चांगले होते, त्यांनी तसाच लांबून वाचला. नेपच्यून. सूर्यापासून अंतर चारशे पन्नास कोटी किलोमीटर. आपल्या रस्त्यावर शाळेपासून साडेचार किलोमीटर. सरांनी चाकापासूनचं सगळं सांगितलं, अडखळत, मागेपुढे करत. माणसं ऐकत होती, पण विश्वास बसल्याचं कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. जीवराम अजून कागदाकडेच पाहत होते.

“साडेचार कुठून आणलं?” ते म्हणाले.

“मोजलं. सायकलच्या चाकाने.”

“हे साडेचार नाही.”

जीवराम नारखेडे हा मोजमापाचा माणूस होता. केळीच्या दोन खोडांत पाच फुटांच्या जागी पावणेपाच पडले तर खोड उपटून पुन्हा लावायला लावणारा. या रस्त्याने त्यांची राजदूत मोटारसायकल रोज दोनदा जात होती, आणि शेताची वाट शाळेपासून किती, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी गाडीला किक मारली आणि सरांना मागं बसायला सांगितलं. शाळेच्या चाकापाशी जाऊन त्यांनी काट्याखालचे किलोमीटरचे आकडे मोठ्याने वाचले आणि गाडी वळवली. पहिला नारळ त्यांनी न थांबता, नजर सरळ ठेवून पार केला, पण आकडा पाहिला. दुसऱ्या नारळाशी वेग कमी केला. युरेनसच्या लिंबाशी थांबले. बरोबर दोन-नऊ. जीवराम “हं” म्हणाले.

बांधाशी आकडा आला चार-तीन.

ते पुन्हा मागे गेले आणि पुन्हा मोजत आले. चार-तीनच. तेवढ्या वेळात सरांना आठवलं. युरेनस ठोकून पुढे निघाल्यावर जळगावहून बस आली होती. ते सायकल घेऊन रस्त्याखाली उतरले होते. वर आल्यावर खडा टाकला की नाही ते आठवेना, म्हणून टाकला. तो आधीच टाकलेला होता. एक खडा म्हणजे शंभर फेरे, शंभर फेरे म्हणजे सव्वादोनशे मीटर.

“सर, तुमचं लिंबू चुकलं,” जीवराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रात्रभर ज्या माणसाने करणीचा आळ अंगावर घ्यायची तयारी केली होती, तो आता मापातली चूक निघाली म्हणून पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा राहिला. त्यांनी खड्याची हकिगत सांगितली. आपण एकदा तरी उलट मोजून पाहायला हवं होतं, असंही म्हणाले. हे कोणी विचारलं नव्हतं.

भिकन त्यांच्याकडे निरखून पाहत होता. “जीवरामभाऊ,” तो म्हणाला, “करणी करणारा असा लाजत नाही.”

रस्त्याच्या पलीकडे पहिल्यांदा हशा झाला. सर लिंबू काढायला वाकले, तर जीवरामांनी त्यांना अडवलं. बांध माझा आहे, मी काढतो, म्हणाले. तरी क्षणभर थांबले. मग खुंटी दोन्ही हातांनी धरून उपटली आणि लिंबासकट ती घेऊन जळगावच्या दिशेने चालू लागले. राजदूत ढकलत भिकन मागून आकडा वाचत होता. चार-चार. आणखी पुढे. चार-पाच. तिथं मोरीच्या कठड्याशी जीवरामांनी खुंटी ठोकली. परत आले तेव्हा माणसं शेतात शिरली होती आणि पहिले घड खांद्यावरून बाहेर येत होते. दुपारी भगत आला. त्याला कच्च्या केळीची एक फणी देऊन परतीच्या बसमध्ये बसवून दिलं.

“धुरपदाअक्कांना सांगावं लागेल,” निघताना सर म्हणाले.

“पाहू,” जीवराम म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी ते आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. गावाने विषय सोडला होता, उलट मुलांना त्यात मजा वाटू लागली होती आणि शनीच्या नारळाशी गर्दी होत होती. पण धुरपदाबाई त्या दोन दिवसांत नळावर गेल्या नाहीत. नाव गावासमोर काढलं होतं; परत मात्र गावासमोर कोणी घेतलं नव्हतं. सर जाता-येता त्यांच्या दाराकडे पाहत आणि खोलीत जात. आपल्या लिंबामुळे झालं, आणि निस्तरणं मात्र दुसऱ्याच्या हातात, हे त्यांना खुपत होतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता ते सायकल पुसत होते. आठला मुलं चाकापाशी जमणार होती. तेवढ्यात राजदूतचा आवाज आला. जीवराम फाटकाशी उतरले. आळीतल्या बायका नळावर होत्या. त्यांना पाहून जीवराम जरा थबकले, मग आत आले. रात्री ट्रकच्या चाकाखाली मोरीवरचं लिंबू चिरडलं होतं. ते सकाळी शेतावर जाताना त्यांनी पाहिलं होतं.

“वहिनी,” ते मोठ्याने म्हणाले, “एक लिंबू पाहिजे. शाळेसाठी.”

धुरपदाबाई दारात आल्या. “माह्या झाडाचं चालंल का?”

नळावरचं पाणी कळशीतून वाहून चाललं होतं, ते कोणी बंद केलं नाही.

“तुमच्याच झाडाचं पाहिजे,” जीवराम म्हणाले. “म्या त्या दिवशी बोललो, ते चुकलं माह्यं.”

त्या झाडापाशी गेल्या. घाई केली नाही. दोन-तीन लिंबं दाबून पाहिली, एक तोडलं, पदराला पुसलं आणि हातात न देता मध्येच थांबल्या.

“अन् विहिरीची पाळी?”

“आजची तुमची. मी मोटर लावत नाही.”

मग त्यांनी लिंबू दिलं.

मुलं सव्वाआठला निघाली. गोटी आली, नारळ आले, पहिलं लिंबू आलं, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. दोन्ही बाजूंना केळी आणि कपाशी. एवढं रिकामं असतं का सर, असं एका मुलीने विचारलं. एवढंच रिकामं असतं, सर म्हणाले. मोरीपाशी पोचले तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. जीवराम आधीच येऊन थांबले होते आणि लिंबू ठोकून झालं होतं. भिकनही आला होता. नऊ सव्वीसला सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आत्ता. लिंबाच्या सालीपासून अर्ध्या सेंटिमीटरवरून, आपल्या मापाने, ते आत्ता जातं आहे. सगळे लिंबाकडे पाहत राहिले. तिथं काहीच झालं नाही. एक बस गेली.

जीवरामांनी विचारलं की तिकडचा निरोप इथं केव्हा येतो. चार तास सहा मिनिटं, सर म्हणाले. या रस्त्यावर तो सेकंदाला एक फूट चालतो. जीवराम रस्त्याकडे पाहत मनातल्या मनात काही मोजू लागले. भिकन म्हणाला की याच्यापेक्षा माझी माणसं बरी.

दीड वाजता बैसाणे सर नववीच्या वर्गात होते. नद्यांचा धडा चालू होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि धडा पुढे चालू ठेवला. खिडकीतून रस्ता दिसत होता. धुरपदाबाई शेतावरून परत येत होत्या, लुगडं घोट्यापर्यंत चिखलाने भरलेलं. चाकापाशी थांबून त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

“आली का खबर, सर?”

“आली असेल,” सर खिडकीशी येऊन म्हणाले. “पाणी आलं का?”

“आलं.”